मधुमेही पावलावरील व्रण : डॉप्लर-लेखाची परिभाषा आणि भाकिताचा अर्थ

मधुमेही रोग्याच्या पावलावर झालेला व्रण भरून येईल किंवा नाही, हे त्या पावलातील रक्तप्रवाहाच्या श्राव्यातीत ध्वनिपरीक्षणावरून आधी सांगता येईल काय, या प्रश्नावर गेल्या दहा-बारा वर्षांत वैद्यकीय नियतकालिकांतून पुष्कळ लेखन झाले आहे. २०१४ साली अमेरिकेतील रक्तवाहिनी-शल्यवैद्यांच्या संस्थेने जखम, रक्तन्यूनता आणि जंतुसंसर्ग या तीन अंगांवर आधारलेली एक प्रतवारी प्रसिद्ध केली. २०१९ साली मधुमेही पावलाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने आपली मार्गदर्शक सूत्रे नव्याने मांडली. त्याच वर्षी पावलातील धमन्यांच्या त्वरणकालावर जिल सॉमरसेट व त्यांचे सहकारी यांचा निबंध आला. आणि २०२० साली डॉप्लर-लेखाच्या परिभाषेवर दोन अमेरिकन संस्थांचे संयुक्त निवेदन प्रसिद्ध झाले. हे सर्व लेखन वैद्यांनी वैद्यांसाठी केलेले आहे, आणि त्यातील उपचारांचा विचार वैद्यांनीच करावयाचा आहे. परंतु त्याचा बराच मोठा भाग नावे देण्याचा (ठेवण्याचा नव्हे) व्यवहार आहे. पडद्यावर उमटलेल्या लाटेस काय म्हणावे, 'भरणे' कशास म्हणावे, 'भाकीत' कशास म्हणावे, हे ठरल्यावाचून या शास्त्राचे पाऊल पुढे पडत नाही. आणि रोग्याचे पाऊल राहणार की जाणार हा निर्णयही पुष्कळदा या नावांवरच टेकलेला असतो. म्हणून भाषेच्या अभ्यासकाने त्यांची तपासणी करणे अनाठायी होणार नाही. डॉप्लर-लेखास भविष्यकथनाचे काम दिले की त्याची भाषा बिघडते, आणि साध्यासाध्यविचाराचे काम दिले की ती नीट चालते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम उपकरणाची जुजबी ओळख करून घेऊ. ख्रिस्तिआन डॉप्लर याने १८४२ साली प्राग येथे आपला सिद्धान्त मांडला तो जोडताऱ्यांच्या रंगासंबंधी होता. ध्वनीच्या बाबतीत त्याचा पडताळा १८४५ साली हॉलंडमध्ये बॉइस बॅलट याने घेतला, तोही धावत्या आगगाडीवर शिंगवाले बसवून आणि रुळाकाठी सुरांचे जाणकार उभे करून. ध्वनिशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा प्रयोग मनापासून आवडावा असा आहे. देहातील रक्ताला हे तत्त्व लावण्याचे काम १९५० नंतरच्या दशकात ओसाका येथे शिगेओ सातोमुरा यांनी आरंभिले आणि पुढील दशकात सिअ‍ॅटल येथे यूजीन स्ट्रँडनेस यांनी पायांच्या धमन्यांच्या रोगनिदानात ते रुजविले. कातडीवर टेकविलेल्या शलाकेतून श्राव्यातीत ध्वनी आत जातो, वाहत्या तांबड्या पेशींवर आदळून परततो, आणि परतताना त्याची कंप्रता पेशींच्या वेगानुसार बदललेली असते. या बदललेल्या कंप्रतांचे पृथक्करण करून आडव्या अक्षावर काल, उभ्या अक्षावर वेग आणि छटेच्या गडदपणात तीव्रता, असा आलेख काढतात. स्वरांचे आणि व्यंजनांचे ध्वनिचित्र आम्ही ज्या रीतीने काढतो, तीच ही रीत. फरक एवढाच की येथे बोलते ती धमनी.

साम्य येथेच थांबत नाही. ध्वनिचित्रावर उच्चार अखंड वाहत असतो आणि त्याचे तुकडे आपण पाडतो. धमनीच्या आलेखावरही प्रवाह अखंड असतो आणि त्याचे 'टप्पे' वैद्य मोजतो. निरोगी माणूस स्वस्थ पडला असता त्याच्या पायातील धमनीत रक्त हृदयाच्या ठोक्यासरशी वेगाने पुढे जाते, मग क्षणभर उलटे फिरते आणि पुन्हा किंचित पुढे सरकते. या तीन हालचालींवरून अशा लाटेस 'ट्रायफेजिक' म्हणण्याचा प्रघात पडला. तिसरी हालचाल दिसेनाशी झाली की 'बायफेजिक', आणि उलटा प्रवाहही नाहीसा होऊन एकाच दिशेचा ओघ उरला की 'मॉनोफेजिक'. २०१९ च्या मार्गदर्शक सूत्रांतही हा पहिला शब्द आहे: घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबांचे गुणोत्तर ०.९ ते १.३ असेल, पायाच्या बोटाच्या व दंडाच्या रक्तदाबांचे गुणोत्तर किमान ०.७५ असेल आणि पावलातील लाट ट्रायफेजिक असेल, तर धमनीरोगाचा संभव कमी, असे तेथे म्हटले आहे. पुढच्याच वर्षीच्या संयुक्त निवेदनाने मात्र ट्रायफेजिक आणि बायफेजिक हे दोन्ही शब्द सोडून द्यावेत आणि शून्यरेषा ओलांडून दोन्ही दिशांस जाणाऱ्या प्रत्येक लाटेस एकच नाव द्यावे, 'मल्टिफेजिक', अशी शिफारस केली.

ही शिफारस आपल्या परिभाषेत मांडली तर तिचे मर्म चटकन ध्यानात येते. तीन टप्पे आणि दोन टप्पे यांतील भेद कानाला आणि डोळ्याला जाणवतो खरा, परंतु तो अर्थभेदक नाही. वयोमानाने धमनीची लवचीकता कमी झाली की तिसरा टप्पा गळून पडतो. त्यासाठी धमनीत अडथळा असावाच लागतो असे नाही. एकाच स्वनिमाची ही दोन स्वनांतरे आहेत. ती वेगळी ऐकू येतात म्हणून त्यांस वेगळी अक्षरे द्यावीत, असा आग्रह धरणारा लिपिकार आणि त्यांस वेगळी नावे देणारा परीक्षक यांची चूक एकाच जातीची होय. शिवाय 'बायफेजिक' हे नाव सर्वत्र एकाच लाटेस दिले जात होते असेही नाही. एका प्रयोगशाळेत जी लाट बायफेजिक, तीच दुसरीकडे मॉनोफेजिक म्हणून नोंदली जाई. अशा नोंदी एकत्र करून, अमुक लाटेचे व्रण इतके भरले आणि तमुक लाटेचे इतके भरले, असे कोष्टक मांडणे म्हणजे दोन बोलींतील एकाच रूपाच्या शब्दांचा अर्थ एकच धरून कोश रचण्यासारखे आहे.

तथापि या निवेदनाची खरी कामगिरी 'मॉनोफेजिक' या शब्दाच्या बाबतीत आहे. तेथे अडचण उलट दिशेची आहे. मराठीत 'जग' असे आपण एकाच रीतीने लिहितो, परंतु तालव्य ज-काराने उच्चारलेला 'जग' म्हणजे दुनिया आणि दन्ततालव्य ज-काराने उच्चारलेला 'जग' म्हणजे जिवंत राहा. लेखनात एक असलेले हे दोन शब्द वाचक संदर्भावरून ओळखतो. मॉनोफेजिक लाट ही अशीच एका लेखनात कोंबलेली दोन वेगळी पदे आहेत. वरच्या बाजूस धमनी तुंबली असली की खालच्या भागात प्रवाह एकदिश होतो. ती लाट हळूहळू चढते आणि तिचे शिखर बुटके व गोल असते. पण पावलात जंतुसंसर्ग होऊन तेथील बारीक वाहिन्या सैलावल्या, तरीही प्रवाह एकदिशच होतो. ही लाट मात्र झपकन चढते, तिचे शिखर टोकदार असते, आणि वरची धमनी मोकळी असू शकते. मधुमेहाने स्वायत्त मज्जातंतूंची हानी झाली म्हणजेही पावलातील वाहिन्या अशाच सैलावतात. म्हणजे ज्या रोग्यांसंबंधी हा सारा खटाटोप आहे, नेमक्या त्यांच्याच पावलांत या दोन लाटांची गल्लत होण्याचा धोका सर्वांत अधिक. २०२० च्या निवेदनाने लाटेच्या नावासोबत प्रवाहाची दिशा, विरोधाची मात्रा (अधिक, मध्यम वा कमी) आणि चढाचे स्वरूप हीही सांगावीत असे सुचविले, ते याच कारणाने. शब्द एकच ठेवावयाचा असेल तर त्याला विशेषणे जोडा, एवढीच ती मागणी आहे. आणि ती मान्य करण्यास कोणाची हरकत नसावी. आपल्याकडील अहवालांत मात्र जुनी त्रयी अजून विशेषणांवाचून वावरताना दिसते.

या त्रयीचे मराठी काय करावे, हा एक निराळाच पेच आहे. पदार्थविज्ञानाच्या मराठी परिभाषेत 'फेज' म्हणजे 'कला'. परंतु येथील फेज ती नव्हे, येथे केवळ प्रवाहाच्या पालटत्या दिशांची गणती आहे. 'त्रिकल' असा शब्द घडविला तर तो दिसेल देखणा आणि सांगेल चुकीचे. उलटपक्षी, शब्द तसाच ठेवला तर आपल्या ग्रामीण भागातील रोग्यास तो फार ओळखीचा वाटेल, कारण शेतपंपाला 'थ्री फेज' लागते आणि 'सिंगल फेज'वर घरातले दिवे तेवढे लागतात, हे त्याच्या रोजच्या व्यवहारातले ज्ञान आहे. मॉनोफेजिक ऐकून तो पायातली वीज गेली असे समजेल. आणि त्या लाटेच्या दोन प्रकारांपैकी एका प्रकारात तसे काहीच झालेले नसते. 'दुतर्फा लाट' आणि 'एकतर्फा लाट' हे शब्द मला त्यांतल्या त्यात निर्धोक वाटतात, मात्र 'एकतर्फा'च्या पुढे 'झटक्याची' किंवा 'मंद चढाची' हे पद लावलेच पाहिजे.

लाटेच्या नावाहून अधिक फसवा शब्द म्हणजे खुद्द 'प्रवाह'. उपकरण मोजते तो वेग. तोही शलाका आणि धमनी यांमधील कोन ठाऊक असेल तरच. कोन काटकोनाजवळ गेला की कंप्रतेतील बदल जवळजवळ शून्य होतो. या वेगाला अहवालात प्रवाह म्हणतात, आणि वैद्य रोग्याशी बोलू लागला की प्रवाहाचा 'रक्तपुरवठा' होतो. वेग, प्रवाह, पुरवठा या तीन पायऱ्या आपण बोलताना एका उडीत ओलांडतो. बागेतल्या रबरी नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरला की पाण्याची धार जोराने उडते, पण बादली भरण्यास अधिक वेळ लागतो, हे ज्याने पाहिले आहे त्यास पुढचा मुद्दा सांगावयास नको. धमनी जेथे अरुंद होते तेथे वेग वाढतो. अलीकडच्या भागाच्या दुप्पट वेग हे निम्म्याहून अधिक अरुंदीकरणाचे गमक मानले जाते. 'वेग चांगला आहे' हे वाक्य म्हणून कधी शुभवार्ता असते, कधी नेमकी उलट. आणि व्रण भरण्यास जे लागते ते धमनीतील वेगाने मिळत नाही. व्रणाच्या काठावरील कातडीत प्राणवायू किती झिरपतो यावर ते अवलंबून असते. तो झिरपा डॉप्लर-शलाकेला दिसत नाही. तिला दिसतो तो फक्त तेथवर जाणारा पाट.

घोट्याच्या रक्तदाबाची कथा याहून सोपी आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. मधुमेहात धमनीच्या मधल्या थरात चुना साठतो. या विकृतीस १९०३ साली तिचे वर्णन करणाऱ्या म्यॉन्केबर्गचे नाव आहे. अशी धमनी पट्ट्याने दाबली तरी दबत नाही आणि रक्तदाब आहे त्याहून अधिक नोंदला जातो. परिणामी वर सांगितलेले गुणोत्तर निरोगी दिसते किंवा १.३ च्याही वर जाते. पायाच्या बोटांतील धमन्यांत हा चुना कमी साठतो, म्हणून बोटाचा रक्तदाब अधिक विश्वसनीय.

त्वरणकालाची कल्पना या अडचणीतून निघालेली वाट आहे आणि ती मला फार समर्पक वाटते. पावलातील धमनीच्या लाटेचा चढ सुरू झाल्यापासून ती शिखरावर पोहोचेपर्यंत किती काल लागला, एवढेच त्यात मोजावयाचे. वाट अडलेली असेल तर चढ मंदावतो. धमनी दाबावयाची नसल्याने चुन्याचा उपद्रव नाही. आणि वेगाचा आकडा न घेता काळ मोजावयाचा असल्याने कोनाची चूकही फारशी बाधत नाही. सॉमरसेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहस्रांश सेकंदांत चार वर्ग सुचविले: २० ते १२० पहिला, १२१ ते १८० दुसरा, १८१ ते २२४ तिसरा आणि त्यापुढील चौथा. पहिला वर्ग निरोगी प्रवाहाचा, चौथा पाय धोक्यात असल्याचा. लाटेच्या आकाराला नाव देण्याऐवजी तिचा एक गुण मोजावा, ही दृष्टी परिभाषेच्या घोळातून सुटण्याची आहे. मॉनोफेजिक या एका शब्दात दडलेल्या दोन लाटाही या मोजणीने वेगळ्या होतात. मात्र वर्गांच्या सीमारेषांविषयी वाचकाने सावध राहावे. १८० आणि १८१ यांमध्ये निसर्गाने कोणतीही भिंत उभारलेली नाही. ती कोष्टककर्त्याची सोय आहे. बोलीभाषांच्या नकाशावर आम्ही ज्या रेषा काढतो, त्यांच्याविषयीही हेच म्हणावे लागते, आणि तेथेही रेषेच्या दोन बाजूंस राहणारी माणसे एकमेकांचे बोलणे उत्तम समजत असतात.

आता भाकितासंबंधी. २०१९ च्या सूत्रांत प्रामाणिकपणे म्हटले आहे की, धमनीरोग असलेल्या मधुमेही रोग्याच्या कोणत्याही लक्षणावरून वा चिन्हावरून व्रण भरेल की नाही हे भरवशाने सांगता येत नाही. त्यानंतर तीन परीक्षा दिल्या आहेत: कातडीतील रक्ताभिसरणाचा दाब ४० मिलिमीटर वा अधिक, पायाच्या बोटाचा रक्तदाब ३० मिलिमीटर वा अधिक, कातडीवरून मोजलेला प्राणवायूचा दाब २५ मिलिमीटर वा अधिक. यांपैकी कोणतीही गोष्ट आढळल्यास व्रण भरण्याची पूर्वसंभाव्यता 'किमान २५ टक्क्यांनी वाढते'. या वाक्यांशाचे दोन अर्थ होतात. आधीची संभाव्यता शंभरात पन्नास असेल, तर ती पंचाहत्तर झाली असे समजावयाचे, की पन्नासाच्या चौथाईने वाढून साडेबासष्ट झाली असे? वाक्याच्या रचनेवरून काहीही निष्पन्न होत नाही. मूळ इंग्रजीतही नाही आणि मराठीतही नाही. बँकेच्या व्याजदराची बातमी देताना वृत्तपत्रे या दोन अर्थांमध्ये भेद करतात, आणि येथे तर प्रश्न व्याजाचा नाही. शिवाय या तीन परीक्षांत लाटेच्या आकाराचा समावेश नाही, हेही नोंदण्यासारखे आहे. लाट रोगाचे अस्तित्व सांगण्यास पुढे आणली आहे आणि व्रणाचे भवितव्य सांगताना मागे ठेवली आहे. हा विवेक संशोधन-निबंधांच्या शीर्षकांत क्वचितच आढळतो. तेथे 'प्रिडिक्ट' हे क्रियापद सढळ हाताने वापरलेले दिसते.

या क्रियापदाचा धात्वर्थ 'आधी सांगणे' असा आहे. निबंधांत मात्र त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की, रोग्यांच्या एका गटात अमुक मोजमाप आणि व्रण भरणे या दोन गोष्टी सोबतीने आढळल्या. गटाबद्दलचे हे विधान समोर बसलेल्या एका रोग्याकडे वळविले की क्रियापदाचा अर्थ कोणाच्या नकळत पालटतो. मराठीत हा पालट लपत नाही, कारण आपणांस रूप निवडावेच लागते. जुन्या व्याकरणकारांनी ज्यास ईलाख्यात म्हटले ते 'भरेल' हे रूप आणि 'णार' प्रत्यय लागलेले 'भरणार' हे रूप यांत फरक आहे. 'गाडी पाचला सुटेल' हे वाक्य माझा तर्क सांगते. 'गाडी पाचला सुटणार' यात वेळापत्रक आहे. व्रणाच्या बाबतीत कोणत्याही लाटेवरून वेळापत्रक हाती येत नाही. 'भरेल' म्हणावे, फार तर 'भरू शकेल' म्हणावे. 'भरणार' म्हणू नये.

परंतु खरी अडचण याहून खोल आहे. पावसाच्या अंदाजाने आपण छत्री घेतली म्हणून पाऊस थांबत नाही. व्रणाच्या अंदाजाचे तसे नाही. लाट मंद आढळली म्हणजे शल्यवैद्य धमनी रुंदावतो किंवा तिला वळसा घालून नवी वाट काढून देतो. प्रवाह सुधारतो, व्रण भरतो, आणि 'भरणार नाही' हे भाकीत खोटे ठरते. ते खोटे ठरावे यासाठीच तर परीक्षा केलेली असते. पुढे संशोधक या रोग्याची नोंद कोष्टकात कोणत्या रकान्यात करतो? मंद लाट असूनही व्रण भरला, या रकान्यात. आणि मग परीक्षेची भाकीतशक्ती कमी ठरते. जेथे वैद्य तत्पर तेथे परीक्षा निकामी दिसावी, आणि जेथे कोणी काहीच केले नाही तेथे ती अचूक ठरावी, हा या भाषेचा विपरीत परिणाम आहे. विरुद्ध बाजूसही असेच. लाट उत्तम आहे, पण रोग्याच्या पावलाची संवेदना गेली असल्यामुळे तो त्याच व्रणावर भार देऊन रोज चालतो. व्रण भरत नाही. दोष लाटेचा नव्हे, चालण्याचा. भार काढणे, जंतुसंसर्ग आटोक्यात आणणे, साखरेवर नियंत्रण ठेवणे ही सारी कामे लाटेच्या बाहेरची आहेत. चांगली लाट म्हणजे एक अडसर नाही एवढेच. वाईट लाट म्हणजे तो अडसर आहे. दुसऱ्या विधानाचे वजन पहिल्याहून जास्त आहे, आणि 'प्रिडिक्ट' या एकाच क्रियापदाने दोन्ही एका पारड्यात टाकली जातात.

आपल्या वैद्यकपरंपरेत या कामासाठी एक वेगळी पदरचना आहे. सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि प्रत्याख्येय असे रोगांचे चार प्रकार चरकाने केले आहेत. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील तेविसाव्या अध्यायात कोणाचे व्रण सहज बरे होतात आणि कोणाचे कष्टाने, याचे विवेचन असून कष्टाने बरे होणाऱ्यांत मधुमेही रोग्याचा उल्लेख आहे. प्राचीनांस डॉप्लरचे रहस्य ठाऊक होते, असले काही मला सुचवावयाचे नाही. त्या प्रकारच्या लेखनाला आपल्याकडे तोटा नाही. मला लक्ष वेधावयाचे आहे ते प्रत्ययाकडे. 'साध्य' हे कृत्य प्रत्ययान्त रूप आहे. ते रोग कोठे जाईल हे सांगत नाही, वैद्याला त्याचे काय करता येईल हे सांगते. उपचार या शब्दाच्या पोटातच आहे. 'हा व्रण भरणार नाही' आणि 'हा व्रण कृच्छ्रसाध्य आहे' ही दोन वाक्ये एकाच लाटेवरून बोलता येतील. पहिल्यात माणूस प्रेक्षक आहे, दुसऱ्यात त्याला काम नेमून दिलेले आहे. २०१४ च्या प्रतवारीत पाय गमावण्याचा वर्षभरातील धोका आणि रक्तपुरवठा पूर्ववत करण्याने होणारा लाभ, असे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले आहेत. त्यांतील दुसरा प्रश्न साध्यतेचा आहे, आणि ही प्रतवारी मला इतरांहून परिपक्व वाटते ती त्यामुळे.

'भरणे' म्हणजे काय, हेही ठरलेले असावयास हवे. अमेरिकन औषध-प्रशासनाने २००६ साली दिलेली व्याख्या अशी: कातडी पुन्हा आलेली असावी, स्राव नसावा, पट्टीची गरज नसावी, आणि हे दोन आठवड्यांच्या अंतराने झालेल्या लागोपाठच्या दोन तपासण्यांत दिसलेले असावे. मराठी बोलीत 'जखम वरून भरली' आणि 'आतून भरली' हा भेद घरोघरी केला जातो आणि वरून भरलेल्या जखमेवर जुनी माणसे विश्वास ठेवीत नाहीत. दोन आठवड्यांची अट घालणाऱ्यांनाही हीच शंका होती असे दिसते. परंतु 'व्रण' हा शब्दच येथे घात करतो. वैद्यकीय मराठीत व्रण म्हणजे उघडी, चिघळलेली जखम. बोलीत व्रण म्हणजे जखम भरल्यावर मागे राहणारी खूण. 'पावलावर व्रण आहे' हे वाक्य वैद्य चिंतेने उच्चारील आणि रोगी निश्चिंतपणे ऐकेल. आणि भरल्यानंतरचे काय? आर्मस्ट्राँग, बोल्टन व बुस यांनी २०१७ साली दाखवून दिले की, भरलेल्या व्रणांपैकी सुमारे चाळीस टक्के एका वर्षात आणि सुमारे पासष्ट टक्के पाच वर्षांत पुन्हा उद्भवतात; म्हणून अशा रोग्यास 'बरा झाला' न म्हणता त्याचा रोग दबलेला आहे असे समजावे, असे त्यांचे म्हणणे. पथ्य आणि उपचार चालू असेतोवर जो रोग ताब्यात राहतो तो याप्य. चरकाच्या चौकटीतील हा तिसरा शब्द आज वापरातून गेला आहे. तो परत आणण्यास ही जागा योग्य आहे.

राहता राहिला रोगी. अहवाल त्याच्या हाती इंग्रजीत येतो आणि त्याचा अर्थ त्याला मराठीत तोंडी सांगितला जातो. त्या तोंडी भाषांतरात दोन शब्द सर्वाधिक हानी करतात. पहिला 'पाय'. मांडीपासून नखापर्यंत सारा पाय, आणि त्याच्या टोकास असलेली बोटेही हाताच्या बोटांचीच नामधारी. संशोधनात घोट्याखालचे छेदन आणि घोट्यावरचे छेदन यांची गणना निरनिराळी होते, कारण त्यांनंतरची आयुष्ये निरनिराळी असतात. 'पाय कापावा लागेल' या मराठी वाक्यात मात्र करंगळीही बसते आणि गुडघाही. करंगळी गमावून पाऊल वाचविता आले असते असा माणूस हे वाक्य ऐकून घरी निघून जातो आणि महिन्याने परततो तेव्हा बोलणे गुडघ्याचे असते. बोट, पाऊल, पोटरी, गुडघा, मांडी हे शब्द भाषेत आहेत. ते उच्चारण्याचाच काय तो आळस.

दुसरा शब्द 'नस'. शालेय पाठ्यपुस्तकांनी रोहिणी आणि नीला हे शब्द दिले, वैद्यकीय लेखनात धमनी आणि शिरा आहेत, मज्जातंतू आहे; पण बोलीत धमनी बंद पडली तरी नस बंद, शीर फुगली तरी नस फुगली, मज्जातंतू दाबला गेला तरी नस दबली, आणि 'नसबंदी'तील नस तर या तिहींहून वेगळी. मधुमेही पावलाचे सारे निदान धमनी आणि मज्जातंतू यांतील भेदावर उभे आहे. मज्जातंतू गेला म्हणून रोग्यास खडा टोचल्याचे कळले नाही. धमनी गेली म्हणून टोचलेले भरत नाही. डॉप्लर-परीक्षा त्यांपैकी दुसऱ्या गोष्टीपुरतीच बोलते. ती करून आलेल्या रोग्यास कोणी 'तुमच्या नसा उत्तम आहेत' असे सांगितले, तर तो ते दोन्ही नसांबद्दल घेतो आणि अनवाणी चालू लागतो. त्याला सांगावयाचे ते असे: 'पावलापर्यंत रक्त नेणारी धमनी मोकळी आहे. पावलाची जाणीव मात्र गेलेली आहे. या जखमेवर भार दिला नाहीत, तर ती भरेल.'